शरीरक्रियाशास्त्राचा पेपर घेऊन परिषदेला जायचंय? नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवास-अनुदानाची पायरीवार माहिती

"मॅडम, अ‍ॅबस्ट्रॅक्ट अ‍ॅक्सेप्ट झालं! आता तिकिटाचे पैसे कुठून मिळतील?"

हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. विचारणारी मुलं हुशार असतात, काम मनापासून केलेलं असतं, आणि तरी मला सांगावं लागतं की निम्मे दरवाजे आता बंद झाले. शरीरक्रियाशास्त्राच्या बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्था प्रवास-पुरस्काराचा अर्ज अ‍ॅबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा थोडक्यात सारांश) पाठवतानाच मागतात. निकाल लागल्यावर अर्ज करू म्हणणाऱ्याच्या हाती फक्त सरकारी योजना उरतात, आणि त्यांचा वेग आपल्याला माहीत आहे.

एमडी करताना मी स्वतः या वाटेने गेले. आता विभागातली मुलं जातात तेव्हा त्यांच्या फायली मीच तपासते. आपल्या शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, आडगावला आणि घोटीजवळ वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंग आहे, विज्ञान महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची मुलं माणसांवर चांगले प्रयोग करतात. तरी हे पुरस्कार म्हणजे एम्सवाल्यांचं काम, असा समज इथे पक्का बसलाय. तो चुकीचा आहे. अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या कॉलेजचं नाव बहुतेकदा माहीतही नसतं. त्याच्यासमोर अ‍ॅबस्ट्रॅक्ट असतं, गाइडचं पत्र असतं, आणि तुम्ही लिहिलेला एक परिच्छेद असतो. हे तिन्ही ठरलेल्या तारखेला तयार असणं, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे.

१. परिषदेच्या तारखेपासून मागे मोजा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर परिषदेची तारीख लिहा आणि तिथून मागे या. समजा परिषद सप्टेंबरमध्ये युरोपात आहे. व्हिसाचा अर्ज जून-जुलैत गेला पाहिजे. त्याला पुरस्काराचं पत्र आणि नोंदणीची पावती लागते, म्हणजे या गोष्टी मे अखेर हातात हव्यात. अ‍ॅबस्ट्रॅक्ट फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला जाणार, त्याआधी संस्थेचं सदस्यत्व घेतलेलं हवं, त्याआधी विश्लेषण पूर्ण हवं, आणि विश्लेषणाच्या कितीतरी आधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. म्हणजे पहिला कागद परिषदेच्या वर्षभर तरी आधी हलला पाहिजे.

अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीची वार्षिक समिट अलीकडे एप्रिलमध्ये भरते, त्यामुळे तिथली सगळी धावपळ आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आगेमागे येते. सुट्टीला गावी जायच्या आधी पोर्टल उघडून तारीख बघा.

दोन मोठ्या परिषदा दरवर्षी होत नाहीत. आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र संघाची, म्हणजे आययूपीएसची काँग्रेस साधारण चार वर्षांनी भरते. २०२५ ची सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला झाली. (हीच काँग्रेस १९७४ मध्ये नवी दिल्लीत झाली होती, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं.) आशिया-ओशनिया महासंघाची, एफएओपीएसची काँग्रेसही तशीच: २०१९ ला कोबे, २०२३ ला दक्षिण कोरियात देगू. या दोन्हींच्या वर्षी तरुणांसाठी प्रवास-मदत निघण्याची शक्यता जास्त, म्हणून त्या वर्षांवर नजर ठेवा.

२. परिषद खरी आहे ना, हे आधी बघा

तुमचा एखादा पेपर प्रसिद्ध झाला की आठवड्याभरात ईमेल सुरू होतात. "आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर कार्याबद्दल आपल्याला वक्ता म्हणून निमंत्रित करत आहोत." पहिल्या वर्षाच्या मुलाला थोर कार्याबद्दल बोलावणारी परिषद कसली असणार? अशा ठिकाणी नोंदणी शुल्क भरलं की ते गेलं. हा धंदा इतका मोठा आहे की २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने अशा परिषदा आणि नियतकालिकं चालवणाऱ्या एका भारतीय समूहाला ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला होता.

तपासायचं ते सोपं आहे. परिषद कुठल्या नोंदणीकृत संस्थेची आहे? ती संस्था किती जुनी? याआधीच्या वर्षांची कार्यक्रमपत्रिका सापडते का? आयोजन समितीतल्या एखाद्या प्राध्यापकाच्या विद्यापीठाच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का? एकाच आठवड्यात, एकाच हॉटेलात हृदयरोग, दंतवैद्यक आणि नॅनोटेक्नॉलॉजी अशा तीन 'जागतिक' परिषदा एकाच आयोजकाच्या असतील तर तिकडे फिरकू नका. 'थिंक, चेक, अटेंड' नावाची तपासयादी ऑनलाइन आहे, ती एकदा चालवून बघा. बोगस परिषदेला सरकारी अनुदान मिळणं अवघड, आणि बायोडेटात ते नाव कायमचं राहतं.

३. पैसा नक्की कुठे आहे

तीन ठिकाणी.

*परिषद भरवणाऱ्या संस्थेकडे.* विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात चांगली वाट हीच. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटी १८८७ ची, ब्रिटनची फिजिऑलॉजिकल सोसायटी १८७६ ची. दोन्हींकडे विद्यार्थी सदस्यांसाठी पुरस्कार आणि प्रवास-मदत असते. अमेरिकन संस्थेत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी डेव्हिड ब्रूस यांच्या नावाचा पुरस्कार आहे, आणि पदव्युत्तर व पीएचडी करणाऱ्यांसाठी कॅरोलिन टम सुडेन आणि फ्रान्सिस हेलेब्रांट या दोन महिला शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या नावाचा. त्यांच्या वेगवेगळ्या विभागांचे (हृदय, श्वसन, व्यायाम, मज्जासंस्था) आणखी छोटे पुरस्कार असतात. मोठ्या पुरस्काराला गर्दी असते, विभागाच्या पुरस्काराला त्या मानाने कमी. व्यायाम किंवा श्वसनावर काम असेल तर विभागाचं पान आधी उघडा.

दोन अटी जवळजवळ सगळीकडे दिसतील: अर्जदार संस्थेचा सदस्य असावा आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टचा पहिला लेखक असावा. सदस्यत्व मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून ते शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि पहिला लेखक कोण, हे गाइडशी आधीच स्पष्ट बोलून घ्या. संकोच वाटतो, पण नंतर जास्त त्रास होतो.

*केंद्र सरकारच्या संस्थांकडे.* विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, म्हणजे एसईआरबीची आंतरराष्ट्रीय प्रवास-साहाय्य योजना आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या, म्हणजे एएनआरएफच्या छत्राखाली आली. परदेशात पेपर वाचणाऱ्या भारतीय संशोधकाला जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी वर्गाचं विमानभाडं, असं तिचं मूळ स्वरूप. ३५ वर्षांच्या आतल्या तरुणांना त्यापुढेही काही खर्च मिळत आलाय. याशिवाय आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्याही प्रवास-योजना आहेत. पात्रता, वय आणि अर्जाची मुदत प्रत्येकाची वेगळी, आणि बदलतही असते. मागच्या वर्षीच्या सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ वापरू नका. पोर्टलवरची आजची नियमावली उतरवून घ्या आणि तिच्यावर उतरवल्याची तारीख लिहा.

*घरच्या घरी.* कॉलेजचा संशोधन विभाग, व्यवस्थापन संस्था, विद्यापीठाची परिपत्रकं. रक्कम लहान असते, पण नोंदणी शुल्क किंवा पोस्टरचा खर्च निघतो. विचारल्याशिवाय कुणी देत नाही, म्हणून लेखी विचारा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. एकच खर्च दोन ठिकाणी दाखवता येत नाही. मात्र खर्चाची विभागणी करता येते: संस्थेकडून नोंदणी, सरकारी योजनेतून विमानभाडं, कॉलेजकडून राहण्याचा काही भाग. प्रत्येक अर्जात इतर ठिकाणी केलेल्या अर्जांचा उल्लेख करा. लपवलं आणि नंतर कळलं तर गाइडचंही नाव खराब होतं.

देशातल्या परिषदांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी: असोसिएशन ऑफ फिजिऑलॉजिस्ट्स अँड फार्माकॉलॉजिस्ट्स ऑफ इंडियाची वार्षिक परिषद, जिला सगळे ॲपिकॉन म्हणतात, आणि १९३४ पासून कोलकात्यात असलेली फिजिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया, या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांना चांगला श्रोतावर्ग मिळतो. परदेशच्या अर्जात 'आधी कुठे सादर केलंय का' हा प्रश्न आला की हा अनुभव कामी येतो. माझं मत विचाराल तर पहिलं सादरीकरण देशातच करावं. तिथे वरिष्ठ परीक्षक पोस्टरसमोर उभे राहून जे प्रश्न विचारतात, ते ऐकून पुढचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट सुधारतं.

४. एथिक्सचं पत्र: हे नसेल तर पुढचं वाचू नका

माणसांवर केलेलं कुठलंही काम, अगदी वर्गमित्रांचा रक्तदाब हँडग्रिपच्या (मुठीने साधन दाबण्याच्या) आधी आणि नंतर मोजला तरी, संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय परिषदेत चालत नाही. मंजुरी काम सुरू करण्याआधीची हवी. काम झाल्यावर मागच्या तारखेने पत्र मागणं हा गैरप्रकार आहे. कुणी तसा सल्ला दिला तर ऐकू नका. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मोफत मिळतात, त्यातलं माहितीपूर्ण संमतीचं प्रकरण तरी वाचून ठेवा.

तुमच्या अभ्यासात काही हस्तक्षेप असेल, म्हणजे बारा आठवडे प्राणायाम शिकवला, एखादा व्यायाम करवून घेतला, आहार बदलला, तर सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीवर) नोंदणी लागते, तीही पहिला सहभागी घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. योग आणि प्राणायामावर आपल्याकडे भरपूर काम होतं आणि नेमकी हीच नोंदणी राहून जाते. "आम्ही औषध कुठे दिलं?" असं मुलं म्हणतात. औषधाचा प्रश्नच नाही. तुम्ही माणसाच्या दिनक्रमात बदल केलात की तो हस्तक्षेप झाला.

५. अ‍ॅबस्ट्रॅक्ट: परीक्षक काय शोधतो

पुरस्कार समितीसमोर शेकडो अ‍ॅबस्ट्रॅक्ट असतात, म्हणून पहिल्या दोन ओळींत तुमचा प्रश्न कळला पाहिजे. एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही लासलगावच्या कांदा खळ्यांवर निवडाई करणाऱ्या बायकांची स्पायरोमेट्री (फुंकर मारायला लावून फुफ्फुसांचं कार्य मोजण्याची चाचणी) केली. शीर्षक बहुधा असं सुचतं: 'कांदा कामगार महिलांमधील फुफ्फुसांच्या कार्याचा अभ्यास'. यात प्रश्नच नाही. त्याऐवजी: 'कांदा खळ्यावर कामाची वर्षं वाढतात तसं निवडाई करणाऱ्या महिलांचं एफईव्ही-१ घटतं का?' (एफईव्ही-१ म्हणजे जोरात श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा.) आता वाचणारा थांबतो. इंग्रजीत लिहितानाही हाच साचा ठेवा.

मग पार्श्वभूमी दोन वाक्यांत. परदेशी परीक्षकाला खळं म्हणजे काय, तिथे दिवसभर कांद्याच्या पातींचा आणि मातीचा धुरळा कसा उडतो, हे माहीत नाही. ते एका वाक्यात सांगा. आपल्या जिल्ह्याचं बलस्थान हेच आहे: द्राक्षबागांत औषध फवारणारे मजूर, आदिवासी पट्ट्यात डोंगर चढत-उतरत वाढलेली धावपटू मुलं (सावरपाड्याच्या कविता राऊतला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळालं, ती याच मातीतली), कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात उन्हात तासन्‌तास उभे राहणारे पोलीस. हे विषय बोस्टनच्या किंवा लंडनच्या प्रयोगशाळेत सापडत नाहीत. आपण मात्र वर्गातल्या साठ मुलांचा रक्तदाब मोजून थांबतो, याचं मला वाईट वाटतं.

पद्धतीच्या भागात मानक कोणतं पाळलं ते नाव घेऊन लिहा. स्पायरोमेट्री असेल तर अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीचं २०१९ चं मानक, आणि अपेक्षित मूल्यांसाठी कुठली समीकरणं घेतली तेही. यंत्रात आधीपासून भरलेली समीकरणं कुठली आहेत हे न बघता आलेली टक्केवारी तशीच लिहायची सवय आहे. परीक्षक नेमकं तेच विचारतो. हृदयगतीतल्या चढउतारांवर, म्हणजे एचआरव्हीवर काम असेल तर १९९६ च्या टास्क फोर्सचं मानक, आणि पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग कुठल्या स्थितीत, दिवसाच्या कुठल्या वेळी, चहा घेऊन किती वेळाने, हे सगळं. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील, पण हे गाळू नका.

निकालात 'लक्षणीय फरक आढळला' एवढंच नको. किती जण, सरासरी किती, प्रमाण विचलन किती, फरक किती आणि त्याचा ९५ टक्के विश्वासार्हता पल्ला किती, हे आकडे हवेत. 'निकालांवर चर्चा केली जाईल' असं लिहिलेलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट पुरस्काराच्या यादीत जात नाही.

६. "मलाच का?" हा परिच्छेद आणि गाइडचं पत्र

बहुतेक अर्जांत अडीचशे-तीनशे शब्दांत तुमची गरज आणि परिषदेतून तुम्हाला काय मिळवायचंय ते लिहायचं असतं. इथे मुलं दोन टोकं गाठतात. काही जण घरची गरिबी पानभर लिहितात, काही जण 'या परिषदेमुळे माझ्या ज्ञानाची क्षितिजं विस्तारतील' असलं निबंधातलं वाक्य टाकतात. दोन्ही वाचून समितीला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

ठोस लिहा. कुठलं सत्र ऐकायचंय, कुणाची पद्धत शिकायचीय, परत आल्यावर विभागात काय सुरू करणार. उदाहरणार्थ: 'आमच्या विभागात स्वायत्त मज्जासंस्थेच्या चाचण्या होतात पण बॅरोरिफ्लेक्सचं (रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचं) विश्लेषण होत नाही. या परिषदेत त्यावर कार्यशाळा आहे. ती केल्यावर आमच्याकडे आधीच असलेल्या रेकॉर्डिंगवर मला हे विश्लेषण करता येईल.' तीन वाक्यं, पण समितीला समोर एक माणूस दिसतो. आर्थिक गरज एका परिच्छेदात, आकड्यांसह: विद्यावेतन किती, प्रवासाचा अंदाजे खर्च किती, इतर ठिकाणाहून किती मिळणार, किती कमी पडतात.

गाइडचं पत्र हा नाजूक विषय. आपल्याकडे सर-मॅडम म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." तसं असेल तर मुद्दे लिहून द्या, पत्र नको. मुद्द्यांत स्पष्ट असावं की कल्पना कुणाची, मोजमापं कुणी केली, विश्लेषण कुणी केलं. 'ती आज्ञाधारक आणि मेहनती आहे' याला परदेशात किंमत नाही. 'कडाक्याच्या थंडीत पहाटे साडेपाचला खळ्यावर जाऊन तिने सगळ्या चाचण्या स्वतः केल्या' याला आहे. पत्र पोर्टलवर गाइडने स्वतः अपलोड करायचं असतं आणि त्याची लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये जाते. मुदतीच्या आठवडाभर आधी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन लिंक आली का ते विचारा.

७. नाव: सगळीकडे एकच

महाराष्ट्रातल्या मुलांना हा घोळ हमखास भोवतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या पोर्टलवर पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव. घाईत भरलं की 'पाटील' हे तुमचं पहिलं नाव होऊन बसतं, प्रमाणपत्रावर तसंच छापून येतं, आणि परत आल्यावर अनुदानाच्या टेबलवरचा लिपिक म्हणतो की बोर्डिंग पासवरची व्यक्ती आणि प्रमाणपत्रावरची व्यक्ती एकच कशावरून.

म्हणून पासपोर्ट समोर ठेवूनच प्रत्येक फॉर्म भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी पासपोर्ट, आधार, बँक खातं आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट यांत एकच नाव आहे ना हे सगळ्यात आधी बघावं. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाबाहेर नोटरी मिळतात.

पासपोर्टच नसेल तर आजच अर्ज करा. सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, ३६ पानी साध्या पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये. पोलीस पडताळणीला तुम्ही घरी सापडायला हवं, म्हणून हॉस्टेलचा पत्ता द्यायचा की गावचा, याचा आधी विचार करा.

८. कॉलेजचे कागद

लागणारी कागदपत्रं एका फाइलमध्ये:

- अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकृतीचं पत्र (पोस्टर की तोंडी, हे त्यात लिहिलेलं हवं)
- एथिक्स मंजुरी, आणि लागू असेल तर सीटीआरआय क्रमांक
- बोनाफाइड
- विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांचं ना-हरकत पत्र
- सहलेखकांचं संमतिपत्र
- गाइडचं पत्र
- खर्चाचं अंदाजपत्रक, विमानभाड्याच्या कोटेशनसह
- पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं
- रद्द केलेला धनादेश, पॅन, आधार
- वयाचा दाखला, जिथे वयाची अट आहे तिथे

सरकारी योजनेचा अर्ज 'थ्रू प्रॉपर चॅनल' जातो, म्हणजे अधिष्ठात्यांच्या सही-शिक्क्याने आणि जावक क्रमांकासह. हा क्रमांक पत्रावर पडला का, ते टेबलाजवळ उभं राहून बघा. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोर्टलवर शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, हे गृहीत धरून दोन-तीन दिवस आधी भरा.

एमडी-एमएस करणाऱ्यांसाठी: २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वर्षाला पाच दिवसांची शैक्षणिक रजा आहे, ती पगारी रजेहून वेगळी. परदेशच्या प्रवासाला पाच दिवस कमी पडतात, म्हणून उरलेल्या दिवसांची सोय ड्युटी रोस्टर लागण्याआधी करा.

९. व्हिसा

परिषदेचं व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र सहसा नोंदणी शुल्क भरल्यावरच मिळतं. म्हणजे पुरस्काराची वाट बघत नोंदणी लांबवली की व्हिसाही लांबतो. आयोजकांना ईमेल करून 'मी प्रवास-पुरस्कारासाठी अर्ज केला आहे, निकालापर्यंत सवलतीचा दर ठेवाल का' असं विचारा. पुष्कळदा हो म्हणतात.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि दोन कोरी पानं हवीत. बँकेचं स्टेटमेंट तीन महिन्यांचं, काही देश सहाचं मागतात. विद्यार्थ्याच्या खात्यात फार काही नसतं, म्हणून पालकांचं प्रायोजकत्व पत्र, त्यांचं आयकर विवरण आणि पुरस्काराचं पत्र एकत्र जोडा. शेतकरी कुटुंब असेल आणि आयकर विवरण नसेल तर सातबारा, द्राक्ष किंवा कांदा विक्रीच्या पट्ट्या आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर द्या. खात्यात आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. अधिकाऱ्याच्या डोळ्यांत ती पहिली भरते.

अमेरिकेसाठी मुलाखतीची तारीख मिळणं हाच खरा अडथळा. अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवलं त्याच आठवड्यात प्रतीक्षेचा कालावधी बघून ठेवा.

बोटांचे ठसे द्यायला देशानुसार मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. मुंबईची वेळ घेताना दुपारी बाराच्या पुढची घ्या. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस वेळेवर असली तरी स्टेशनवरून केंद्रापर्यंत पोचायला वेळ जातो. आणि पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा धरू नका, आदल्या रात्रीच जा.

१०. तिकीट, पैसे, पोस्टर

मंजुरीपत्र हातात आल्यावरच तिकीट काढा, आणि काढण्याआधी त्या पत्रातल्या अटी ओळ न ओळ वाचा. सरकारी पैशांच्या प्रवासात तिकीट कुणाकडून घ्यायचं हेही ठरलेलं असू शकतं; बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी ही तीन नावं तिथे दिसतात. कुठल्याशा अ‍ॅपवर चार हजारांनी स्वस्त तिकीट मिळालं म्हणून घेतलं आणि संपूर्ण भाडं नामंजूर झालं, असं होऊ शकतं. परिषदेनंतर चार दिवस फिरायचं असेल तर त्याची लेखी परवानगी आधी घ्या.

बहुतांश अनुदानं परत आल्यावर मिळतात. आधी खर्च तुम्हीच करायचा. हे घरी आधीच सांगा, म्हणजे ऐन वेळी आईबाबांची धावपळ होणार नाही. कॉलेजकडे आगाऊ रक्कम मागता येते का ते लेखा विभागात विचारा.

परदेशी संस्था पैसे बँकेत पाठवणार असेल तर तिला आयएफएससी पुरत नाही, स्विफ्ट कोड लागतो, आणि तो प्रत्येक शाखेला नसतो. तुमच्या शाखेत विचारून कुठल्या शाखेचा वापरायचा ते लेखी घ्या. धनादेश देऊ का असं विचारलं तर नको म्हणा. डॉलरचा धनादेश इथे वटायला फार वेळ लागतो. अमेरिकन संस्था 'डब्ल्यू-८ बेन' नावाचा कराचा फॉर्म मागू शकते. घाबरू नका, तुम्ही तिथले करनिवासी नाही हे सांगणारा तो कागद आहे.

पोस्टरचं माप आणि ते उभं की आडवं, हे सूचनांत दिलेलं असतं. ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. कापडावर छापून घ्या. घडी करून बॅगेत बसतं, नळकांडं विमानात सांभाळायला नको. छापून झाल्यावर दुकानातच पूर्ण उलगडून आलेखांचे रंग आणि अक्षरं तपासा, आणि पीडीएफ ईमेलमध्येही ठेवा.

११. परत आल्यावर

बोर्डिंग पास जपून ठेवा, जाण्याचे आणि येण्याचे, मधल्या विमानतळावरचेही. मोबाइलवर असतील तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, प्रवास संपला की अ‍ॅपमधून ते गायब होतात. सहभागाचं प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी निघायच्या आधी काउंटरवरून घ्या. पोस्टरसमोर उभे असतानाचा एक फोटोही लागतो.

मग हिशेब: खर्चाचं विवरणपत्र, मूळ पावत्या, विनिमय दराचा पुरावा, प्रवासाचा अहवाल आणि उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्राच्या निधीसाठी हे प्रमाणपत्र सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात असतं आणि त्यावर कॉलेजच्या लेखाधिकाऱ्याची सही लागते. वर्षअखेरीला, मार्चमध्ये, ती सही मिळवणं अवघड. म्हणून परतल्यावर पहिल्या आठवड्यातच फाइल लावा. मूळ कागद देण्याआधी संपूर्ण संचाच्या दोन झेरॉक्स काढा आणि जमा करताना तारखेसह पोच घ्या. पैसे खात्यात पडेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नम्रपणे, लेखी विचारत राहा. ईमेलमध्ये दरवेळी मंजुरीपत्राचा क्रमांक टाका, म्हणजे टेबलवरच्या माणसाला तुमची फाइल शोधावी लागणार नाही. आणि काही कारणाने जाणं रद्द झालंच, तर त्याच दिवशी अनुदान देणाऱ्या संस्थेला कळवा. प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी व्हिसा अजून वेळेत होऊ शकतो.